कॉपी करा, बिनधास्त!

परीक्षेत कॉपी पकडली की थेट वर्गाबाहेर. चित्रकलेत मात्र कॉपी हीच पहिली शाळा!

मोनालिसाचंच बघा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात तिची एक जुनी प्रत आहे. २०१२ मध्ये तिच्या पार्श्वभूमीवरचा काळा रंग काढला आणि खालून निसर्गदृश्य निघालं. तपासणीत कळलं, की लिओनार्दो मूळ चित्र रंगवत असतानाच त्याच्या शिष्याने ही प्रत केली. गुरूने आत केलेले बदलही शिष्याने टिपलेत.

आपल्याकडेही हे झालंय. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या. काम चाललं १८८५ पर्यंत! पुढे नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्याच कामात तयार झाले. लंडनच्या आगीत बऱ्याच प्रती जळाल्या, पण हातात उतरलेलं शिक्षण कुठे जळतं?

आता सातपाटीचं बोलू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला. इंटरमिजिएटची ग्रेड मिळाली आणि ब्रश सुटला, असं तुमचं झालं असेल, तर हे दोन महिने सोडू नका. जे. जे. लांब आहे, लिओनार्दो नाही.

चांगल्या प्रिंटवर चौकटी आखा, तेवढ्याच कॅनव्हासवर. आधी फक्त बर्न्ट अंबरमध्ये छाया-प्रकाश बसवा. मग रंगांचे पातळ, पारदर्शक थर. सुरुवातीच्या थरात तेल कमी, वरच्या थरांत जास्त. उलटं केलंत तर पुढे तडे जातात. पावसाळी हवेत ऑइल कलर वाळायला वेळ लागतो, घाई नको. तो ओला असतानाच कडा मिसळायला बऱ्या. मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यात ठळक रेष नाहीच. सावली हळूच विरते, यालाच म्हणतात ‘स्फुमातो’. हे नुसतं बघून कळत नाही. तीनदा चुकल्यावर कळतं.

चित्र झालं की मागे ‘प्रत’ असं लिहा आणि सही स्वतःची करा. मग मोनालिसा बाजूला ठेवा आणि समोर पापलेट घ्या. त्याची रुपेरी चमक कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही. करड्या, निळ्या, गुलाबी थरांतून ती आणावी लागते. ती जमली, की कॉपीचे दिवस संपले समजा!