'येतो' म्हणणाऱ्या मुलीचं चुकतं कुठं?



सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी मुली घरातून निघताना म्हणतात, "आई, येतो गं." पुण्याला शिकायला गेलं की कुणीतरी हसतंच, "येतो? तू मुलगा आहेस का?" माझ्यावरही हसले होते. त्या दिवशी हॉस्टेलवर गप्प बसले. (बसलो! आमच्याकडं असंच.)

तर हे 'तो' आणि 'ते' वर्तमानकाळात आलं कुठून?

संस्कृतात रामही 'गच्छति' आणि सीताही 'गच्छति'. तिथं क्रियापदाला लिंगच नाही. लांबच्या भावंडांचंही तेच. संस्कृत 'भरति', जर्मन कुळातल्या जुन्या गॉथिक भाषेत 'बेरिथ', आजच्या इंग्रजीत 'बेअर्स'. शेपूट झिजलं, पण साचा तोच राहिला.

मराठीनं साचाच बदलला. संस्कृत 'करोति', प्राकृतात 'करइ', जुन्या मराठीत 'करी'. 1290 च्या ज्ञानेश्वरीत 'करी' म्हणजे 'करतो' किंवा 'करते'. आज मात्र 'आजी रोज पूजा करी' म्हटलं, की आपल्याला ऐकू येतं 'पूर्वी करायची'. वर्तमानकाळ सरकत सरकत भूतकाळात गेला! व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. म्हणींमध्ये जुना अर्थ अजून टिकून आहे : 'दाम करी काम', 'आपण हसे लोकाला'.

उलटा प्रवासही होतो बरं का. संस्कृत 'वेद' हे रूप भूतकाळाच्या साच्यातलं, पण अर्थ 'तो जाणतो'. जर्मन भाषेतलं 'वाइस' हा त्याचाच भाऊ, आणि त्याचाही अर्थ 'जाणतो'.

मग मराठीत 'करी'च्या रिकाम्या जागेवर कोण बसलं? एक विशेषण! 'करत असलेला' अशा अर्थाचं प्राकृत 'करंत', त्यातून 'करत', त्यातून 'करतो'. विशेषण म्हटलं की लिंग आलंच. चांगला-चांगली-चांगलं, तसं करतो-करते-करतं. पुढं त्याला 'आहे' चिकटलं आणि 'करतोय', 'करतेय' झालं.

म्हणजे ज्या 'ते'वरून आमच्यावर हसतात, ते क्रियापदात नंतर आलंय. परीक्षेत 'मी येते' लिहा, प्रमाण मराठीत तेच आहे. पण आईला 'येतो गं' म्हणताना गडबडू नका. कोण बोलतंय ते तिला दिसतंच.

पुढच्या भागात आपल्याकडचं 'जात्यात' आणि 'करत्यात'. तुमच्या गावात 'ते करतात' कसं म्हणतात, व्हॉइस नोट पाठवा. येतो!