शब्दांचे झाड आणि ह्युए यांची चेन

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या वाटेला कशाला जावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस संस्कृत व्याकरणच देईल.

शब्दकोश साठवण्याची एक सोयीची रीत म्हणजे अक्षरांचे झाड. मुळातून 'क' ही फांदी निघते. तिला वर्णमालेच्या क्रमाने 'म' आणि 'र' असे दोन फाटे. 'म'खाली 'ल', म्हणजे 'कमल'. 'र'वर 'कर' पुरा होतो आणि पुढे 'ण' लागून 'करण' होतो. समान आरंभ एकदाच लिहावयाचा, हा यातला लाभ.

आता यात 'कमठ' घालावयाचा आहे. फंक्शनल प्रोग्रामिंग नावाच्या पद्धतीत एकदा लिहिलेले खोडायचे नसते. हा हट्ट प्रथम विचित्र वाटतो. पण त्यामुळे जुनी प्रत शाबूत राहते आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या नकळत त्याच्या हातातील माहिती बिघडवीत नाही. मग एका अक्षरासाठी सारे झाड पुन्हा लिहायचे काय? नाही. 'म' नवा करावा लागतो, म्हणून त्याचा पालक 'क' नवा, म्हणून मूळही नवे. 'र'ची फांदी मात्र जुन्या व नव्या झाडांत सामाईकच राहते. प्रत्येक ठिकाणी दोन फाटे असलेल्या समतोल झाडाला दहा लाख पाने असली, तरी उंची सुमारे 20 पायऱ्यांची. तेवढ्याच गाठी नव्या बांधायच्या.

परंतु एकाच जागी दहा दुरुस्त्या करावयाच्या असतील तर? दर वेळी मुळापासून खाली आणि पुन्हा वर, ही येरझार व्यर्थच. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील झेरार ह्युए यांनी 1997 मध्ये एका छोट्या निबंधात यावरील तोड मांडली. झाड मुळाशी न धरता आपण उभे आहोत त्या गाठीशी धरावे, आणि सोबत वाटेची नोंद ठेवावी: डावीकडची भावंडे, उजवीकडची भावंडे आणि त्यावरच्या वाटेची अशीच नोंद. डावी भावंडे उलट्या क्रमाने, जवळचे आधी. म्हणजे शेजारी सरकणे एका पावलाचे काम. आपण 'ल'वर असू तर दोन्ही बाजू रिकाम्या. वर 'म', त्याच्या उजवीला 'र'. त्याच्याही वर 'क'. 'ठ' डाव्या यादीत ठेवला की काम झाले. वर चढताना एकेक गाठ पुन्हा जुळत जाते. कपड्याची चेन खाली उघडावी, वर लावावी तसे. म्हणून त्यांनी तिला 'झिपर' म्हटले. सतत दूरदूर उड्या मारणाऱ्या कामात मात्र हिचा फारसा उपयोग नाही. कॉनर मॅकब्राइड यांनी 2001 मध्ये दाखविले की, कोणत्याही रचनेसाठी अशी नोंद काढण्याची रीत कलनशास्त्रातील विकलनाच्या नियमांशी जुळते!

ह्युए पुढे संस्कृतकडे वळले. कोशाची अशी झाडे बांधताना त्यांनी हीच चेन वापरली आणि त्या झाडांपासून संधी सोडविणारी यंत्रणा उभारली. 'तत्रैव' म्हणजे 'तत्र' अधिक 'एव', हे आपण वर्गात जे करतो, ते ती करू लागली.