अनुदानाचा हिशेब
वसमतची हळद नुसती पोत्याने विकली, तर ती दळण्याचा नफा परगावी जातो. तो येथेच राहावा यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना 2020 साली निघाली. तिचा हिशेब पाहा. 4 लाखांच्या गिरणीला किमान 40 हजार पदरचे. बाकीचे बँकेचे कर्ज. अनुदान 35 टक्के, म्हणजे 1 लाख 40 हजार. परंतु ते हाती पडत नाही. ते बँकेत वेगळे राहते. 3 वर्षांनंतरही गिरणी चालू असेल आणि हप्ते थकलेले नसतील, तरच कर्जातून वजा होते. म्हणून अर्जापूर्वी बारमाही गिऱ्हाईक पाहावे, आणि खर्चात मजुरीचा आकडा सर्वांत आधी मांडावा. कामगाराच्या पोटाला चिमटा काढून हप्ते फेडणारी गिरणी गावाचे भले करीत नाही.