गिधाडांचा ऱ्हास : गोठ्यातील औषधाचा प्रश्न

जैवविविधतेच्या ऱ्हासाचा विषय निघाला की जंगलतोड, शिकार, कारखान्यांचे सांडपाणी हीच कारणे प्रथम आठवतात. भारतातील गिधाडांचा घात मात्र गुरांच्या वेदना शमविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका स्वस्त इंजेक्शनने केला. त्यामुळे हा विषय पक्षितज्ज्ञांइतकाच पशुपालकांचाही आहे.

१९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये जगात बहुधा सर्वाधिक संख्येने आढळणारा पक्षी होता. पुढील दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्याची घट ठळकपणे नोंदली गेली. १९९२ ते २००७ या काळात देशातील या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के होती. आधी संसर्गजन्य रोगाचा संशय घेतला गेला. अखेर पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून २००४ मध्ये कारण स्पष्ट झाले : डायक्लोफिनॅक.

ताप, सूज, लंगडणे यांवर हे औषध सर्रास टोचले जात असे. जनावर जगले, तर ते काही दिवसांत शरीराबाहेर पडते. लगेच दगावले, तर मांसात उरते. असे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर आतील अवयवांवर साचतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो. एका शवावर गिधाडांचा मोठा थवा उतरतो. म्हणूनच शंभरात एकाहूनही कमी शवे दूषित असली, तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे गणिती अभ्यासातून दिसून आले. गिधाडे गेल्यावर उघड्यावर पडलेली शवे भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि रेबीजची चिंता वाढली.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या चाचण्यांत मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आढळले होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. गाय उठत नसताना हाताशी असेल ते औषध देण्याचा मोह समजण्यासारखा आहे. २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही ३ मिलीपुरती मर्यादित करण्यात आली. ॲसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतरित होते. त्यावर आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. पशुपालकाने पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅमची मागणी करावी आणि उपचार चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात या तिन्ही जातींचे प्रजनन केले जात आहे. परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात.