तरुणवयातील आनुवंशिक मधुमेह : नाम, निदान आणि वंशवृत्त

रोगाचे नाव हे केवळ ओळखचिन्ह नसते. पुष्कळदा ते उपचाराची दिशाच ठरविते. तरुणवयातील मधुमेहाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वयावरून या रोगाचे ‘बालवयीन’ व ‘प्रौढवयीन’ असे दोन वर्ग मानण्याची प्रथा दीर्घकाळ होती. परंतु काही कुटुंबांत पंचविशीच्या आत उद्भवलेला मधुमेहही इन्शुलिनवाचून आटोक्यात राही, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या दिसे. टॅटरसॉल व फाजन्स यांच्या १९७५ मधील लेखनापासून अशा रोगास ‘तरुणांतील प्रौढवयीन मधुमेह’ हे नाव रूढ झाले. ‘मोडी’ हा त्याचा इंग्रजी आद्याक्षरांपासून झालेला संक्षेप; मोडी लिपीशी त्याचा अर्थातच संबंध नाही. नावातील ही विसंगती म्हणजे वयावर आधारलेले वर्गीकरण अपुरे असल्याची कबुलीच होय.

पुढे वयाची जागा जनुकाने घेतली. १९९२ मध्ये ग्लुकोकायनेज या विकराच्या जनुकातील दोष, तर १९९६ मध्ये एचएनएफ-१ आल्फा या जनुकातील दोष मोडीचे कारण म्हणून प्रकाशात आले. पहिल्या प्रकारात रक्तशर्करा जन्मापासून किंचित चढी असते. गर्भावस्था वगळता औषधाची गरज बहुधा पडत नाही. दुसऱ्यात सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्यांची अल्प मात्राही गुणकारी ठरते. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होणारा मधुमेह आणखी निराळा. त्याच्या एका प्रकारातील ४९ रुग्णांना इन्शुलिनऐवजी याच गोळ्या देऊन पाहिल्या असता ४४ जणांचे इन्शुलिन बंद करता आले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, स्वयंप्रतिकारजन्य मधुमेहात इन्शुलिन थांबविणे प्राणघातक ठरते. म्हणून प्रतिपिंडांची व सी-पेप्टाइडची तपासणी आधी, आणि जनुकतपासणी नंतर, हा क्रम सामान्यतः पाळला जातो.

या सर्वांच्याही आधी वंशवृत्त येते. मोडीमध्ये दोष प्रभावी असल्याने बाधित मातेच्या किंवा पित्याच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. येथे प्रश्नाच्या भाषेला महत्त्व येते. ‘घरात कोणास साखर आहे काय?’ या प्रश्नातील ‘घर’ म्हणजे एका चुलीवरची माणसे, असाच अर्थ ऐकणारा घेतो. मग सासरी गेलेली आत्या, मामा, मावशी सारी निसटतात. ‘भाऊ’ हा शब्द सख्ख्या, चुलत, मावस, आते व मामे अशा सर्व भावांना बोलण्यात सरसकट लागतो; आनुवंशिकीच्या दृष्टीने मात्र सख्खा आणि चुलत यांत मोठा भेद आहे. काका, मामा, आत्या, मावशी हा मराठीचा काटेकोर भेद तपासनिसाच्या कामी येतो; पण तो मुद्दाम विचारून घ्यावा लागतो.

डहाणू व तलासरी या वारलीबहुल तालुक्यांत, कैनाडसारख्या गावी, या प्रश्नात आणखी एक भर पडते. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. मधुमेहाच्या निदानात सर्रास वापरली जाणारी शर्करायुक्त हिमोग्लोबिनची तपासणी तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते, हे गृहीत धरते. सिकलसेलग्रस्ताच्या पेशी फार लवकर नष्ट होतात, आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. केवळ वाहक असलेल्यांतही काही तपासणी-पद्धती चुकीचे उत्तर देतात. अशा ठिकाणी प्रत्यक्ष रक्तशर्करा मोजणे अधिक विश्वसनीय होय. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले; त्यातील नोंद मधुमेहाच्या निदानालाही उपकारक ठरू शकते.

तात्पर्य, दोन आनुवंशिक दोष एकाच कुटुंबात असू शकतात, आणि एक दुसऱ्याला झाकू शकतो. जनुकतपासणी महाग आहे व ती दूरच्या शहरांतच होते. योग्य शब्दांत विचारलेला प्रश्न मात्र कैनाडच्या ओटीवरही विचारता येतो. ती तपासणी कोणाची करावी, हे त्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरते.