सालाचे वय कुठे लिहिलेले असते?

बालाघाट जिल्ह्यात साग आणि साल एकमेकांच्या शेजारी वाढतात. वैनगंगेच्या अंगाला, लामट्याकडे सागाची जंगले आणि लागवडी आहेत. बैहरच्या पठारावर चढले की सालाचे, म्हणजे तिथल्या बोलीत सरईचे, राज्य सुरू होते. दोन्ही झाडे इमारती लाकडाची असली तरी वाढीच्या अभ्यासकाला ती फार वेगळी वागणूक देतात. सागाच्या खोडात दर वर्षाचे वर्तुळ स्पष्ट उमटते, त्यामुळे ओंडका कापला की त्याचे वय आणि प्रत्येक पावसाळ्यातली वाढ वाचता येते. सालात अशी भरवशाची वर्तुळे मिळत नाहीत. त्याची वाढ जाणून घ्यायची तर क्रमांक घातलेली तीच झाडे वर्षानुवर्षे पुन्हा मोजावी लागतात.

बालाघाटला १९०७ साली वनविद्यालय निघाले. तिथेही मोजणीचा धडा तोच, जो भारतात सगळीकडे: जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीला, फीत गुंडाळून घेर घ्यायचा. उभ्या झाडाचे लाकूड किती, हा प्रश्न त्यानंतरचा, कारण खोड वर निमुळते होत जाते.

पाडलेल्या ओंडक्याचा जुना व्यापारी हिशेब चौथाई घेराचा. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. १२० सेंटिमीटर मध्यघेराचा, ५ मीटर लांबीचा ओंडका या रीतीने ०.४५ घनमीटर भरतो. वर्तुळाच्या सूत्राने तोच ०.५७ येतो. जवळजवळ साडेएकवीस टक्के लाकूड कागदावर येतच नाही. ही तूट मात्र दर वेळी सारखीच असते, म्हणून ती उलट हिशेबाने भरून काढता येते. न दिसणारी चूक दुसरीच आहे.

दोन झाडे घ्या, एकाचा घेर ६० सेंटिमीटर, दुसऱ्याचा १२०. सरासरी ९०. या सरासरी घेरावरून छेदाचे क्षेत्रफळ काढून दुप्पट केले, तर ते दोन्ही झाडांच्या खऱ्या बेरजेपेक्षा दहा टक्क्यांनी कमी भरते. घनफळ घेराच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे झाडाझाडांतला फरक जितका मोठा, तितकी सरासरी फसवी. जंगलाचे वर्णन एका आकड्यात करू नये असे मला वाटते ते इथूनच. सरासरीभोवतीचा पसरही लाकडाच्या हिशेबाचाच भाग आहे.

वाढीच्या समीकरणांत हा पसर उशिरा आला. बर्टालान्फी यांनी १९३८ मध्ये सजीवांच्या वाढीचे समीकरण मांडले, रिचर्ड्स यांनी १९५९ मध्ये ते वनस्पतींसाठी लवचीक केले. आधी वेग घेणारी, मग कमाल मर्यादेकडे सावकाश टेकणारी ती वक्ररेषा वनशास्त्रात रुजली. पण तिच्यात दुष्काळ नाही, वणवा नाही, शेजारचे झाड पडल्याने अचानक मिळालेले ऊन नाही. जपानी गणिती कियोशी इतो यांनी १९४४ पासून यदृच्छेचे कलनशास्त्र उभे केले, आणि १९८३ मध्ये ऑस्कर गार्सिया यांनी त्याच्या आधाराने वनक्षेत्राच्या उंचीवाढीचे समीकरण लिहिले. त्यात क्षणाक्षणाच्या वाढीचे दोन भाग असतात: एक झाडाच्या आजच्या आकारावरून ठरणारा, दुसरा हवापाण्याच्या लहरीचा. मोजणाऱ्याच्या हातून होणारी चूक तिसरी, आणि ती वेगळी धरलेली असते. ही वेगळी मांडणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण फीत सैल धरली गेली म्हणून झाड कमी वाढलेले नसते, आणि मोजणी अचूक असली म्हणून पाऊस नियमित पडत नाही.

लहरीचा भाग नुसता गणितातला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील अभ्यासकांनी २००८ मध्ये मध्य भारतातील तीन ठिकाणच्या सागांची वर्तुळे तपासली. तापमानापेक्षा पाऊस आणि जमिनीतली ओल यांचाच वर्तुळांच्या रुंदीशी घट्ट संबंध दिसला. याच संस्थेच्या बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दक्षिण भारतातील सागांवरून ५२३ वर्षांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्यात एल निनोच्या काळातल्या मान्सूनच्या दुष्काळांच्या खुणा आहेत. सागाच्या समीकरणातली लहर किती मोठी धरायची, हे अशा वर्तुळांतून काढता येते.

सालाची गोष्ट अवघड आहे, आणि १९९०च्या दशकाने ती अधिक अवघड केली. मंडला, दिंडोरी आणि बालाघाटच्या जंगलांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ पसरली आणि लाखो झाडे तिच्या तडाख्यात सापडली. पावसाळ्याच्या तोंडावर भुंगेरे बाहेर पडतात. त्यांच्या अळ्या आधी सालीखाली आणि बाहेरच्या लाकडात खातात, मग गाभ्यात बोगदे करतात. उपाय म्हणून ताजी झाडे पाडून, त्यांच्या खोडाची साल ठेचून ठेवली जात. रसाच्या वासाने जमलेले भुंगेरे गावकरी वेचत आणि त्यांना भुंगेऱ्यामागे पैसे मिळत. पोखरलेल्या झाडाचा घेर फितीला पूर्वीइतकाच लागतो. घनफळाचे कोष्टक त्याला पूर्ण लाकूड देते, आत मात्र भुसा असतो.

पावसाच्या चढउतारांसाठी लिहिलेले समीकरण ही साथ पेलत नाही. तिथे लहान लहान धक्क्यांची बेरीज नसते, एकदम कोसळणे असते. त्यासाठी समीकरणात अचानक उडीचे आणि झाडाच्या मृत्यूचे पद वेगळे घालावे लागते. म्हणून वनखात्याच्या कार्य आयोजनेत सालाच्या कूपाचे, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्याचे, अपेक्षित उत्पादन एका आकड्यात न लिहिता, खालची आणि वरची मर्यादा देऊन लिहावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. तोड खालच्या मर्यादेवर ठरली, तर वाईट वर्षातही जंगलाच्या मुद्दलाला हात लागणार नाही.

या मर्यादा खोलीत बसून काढता येत नाहीत. दोन मोजण्यांतून वाढीचा वेग मिळतो. झाडाची लहर आणि फितीची चूक वेगळी करायला तिसरी मोजणी लागते, चौथी लागते, आणि तीही त्याच क्रमांकांच्या झाडांची. मधल्या काळात मेलेल्या झाडांचे क्रमांक वहीतून खोडायचे नाहीत. ती कधी आणि कशाने मेली, ते त्याच ओळीत लिहायचे.