तरवड : माळरानावरील एक उपेक्षित शिंबीवर्गीय झुडूप

प्रस्तावना
दख्खनच्या पर्जन्यछायेतील माळरानांवर व शेतांच्या बांधांवर पिवळ्याधमक फुलांनी बहरणारे तरवड हे सर्वपरिचित झुडूप आहे. ज्या जमिनीस आपण ‘पडीक’ म्हणतो, तीच त्याची हक्काची जमीन होय. वृक्षलागवडीसाठी अशी जमीन साफ करताना हे झुडूप सहज तोडले जाते. त्यामुळे नेमके काय गमावले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळख
लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीस ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ असे नाव दिले. आज तिचे शास्त्रीय नाव ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ असे आहे. नावातील दुसरे पद तिच्या कानाच्या आकाराच्या उपपर्णांचे सूचक आहे.

एक गैरसमज
शिंबी कुल म्हणजे मुळांवर गाठी आणि जमिनीत नत्र, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात दृढ असते. तथापि सेन्ना प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर सामान्यतः अशा गाठी आढळत नाहीत. म्हणून तरवडाचे महत्त्व अन्यत्र शोधले पाहिजे.

फूल आणि मधमाशी
या फुलात मकरंद नसतो. परागकण हेच कीटकांचे खाद्य असते. परागकोश टोकाशी असलेल्या छिद्रांतून उघडतात. भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्या फुलाला बिलगून अंग थरथरवतात, तेव्हा पराग बाहेर पडतो. आखूड पुंकेसरांतील पराग प्रामुख्याने खाद्य म्हणून उपयोगी पडतो, तर लांब पुंकेसरांतील पराग माशीच्या अंगास चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतो.

साल आणि लोकजीवन
तरवडाच्या सालीत टॅनिन विपुल असते. दक्षिण भारतात कातडी कमावण्यासाठी ती दीर्घकाळ वापरली गेली. पुढे आयात वॅटल साल आणि क्रोम पद्धती यांमुळे तिचे स्थान घटले. गुरे या झुडपास सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच चराऊ माळांवरही ते टिकून राहते व मातीस आधार देते. महाराष्ट्रात नवरात्रातील घटाच्या माळेत त्याची फुले गुंफली जातात. तेलंगणात बतुकम्मा सणात त्यांना मानाचे स्थान असून तेथे हे राज्यपुष्प आहे.

निष्कर्ष
तरवडाचे झुडूप तोडून रोप लावल्याने रिकामी जमीन भरत नाही. नांदत्या जमिनीवरील एक दुवा तुटतो. म्हणून लागवडीपूर्वी त्या जमिनीवरील मूळ झुडपांची नोंद करणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांना हे कार्य विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सहज करता येईल.